ताटलीच्या मधोमध

रेनो कांगसने धनुष्याला दोरी चढवली तेव्हा झोपडीसमोर जमलेल्या बाकीच्या शिकाऱ्यांनी बोलणं थांबवलं. दोरी चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तेवढा वेळ सगळ्यांनी तलावाकडे पाहून घेतलं.

वीस पावलांवर गवताचा गठ्ठा होता आणि त्यावर सायमाने, रेनोच्या बहिणीने, एक कागदी ताटली ठोकली होती. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा भरते. शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने एकच बाण मारायचा. सराव नाही, दुसरी संधी नाही. ताटलीला लागला तर उद्या जंगलात. चुकला तर हंगामभर झोपडीत बसून पास्टीच्या, मांस भरलेल्या करंज्यांसाठी बटाटे चिरायचे. नियम रेनोनेच घालून दिला होता, खांदा चांगला असताना.

"दुखत असेल तर सांग रे," क्लेम ट्रेंबाथ म्हणाला. "बटाट्यांना आधीच कळवून ठेवतो."

"तू गप उभा राहिलास तरी हरणांवर उपकार होतील," सायमा म्हणाली.

रेनोने हिकरीच्या लाकडाचं ते धनुष्य स्वतः तासलेलं होतं. त्याने बाण लावला, दोरी ओढली. सगळे ताटलीकडे पाहत होते. अशा वेळी माणसं ताटलीकडेच पाहतात.

बाण गेला. अगदी मधोमध.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली. क्लेमने त्याची पाठ थोपटली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर. "सत्तरी उलटली तरी म्हातारा पोलादाचा आहे!" असं दोघंतिघं एकदमच म्हणाले. रेनो ताटलीजवळ गेला, बाण उपटला, पिसं सारखी केली आणि परत आला.

"हा धरू नका," तो म्हणाला.

"काय धरू नका?"

"हा बाण मी मारलेला नाही. नेम धरायला दोरी ओठापर्यंत यावी लागते, ती आलीच नाही. हात थरथरला आणि बोटांतून निसटला."

"निसटला तर निसटला. लागला ना?" क्लेम म्हणाला. "तेही मधोमध! मी नेम धरून मारतो तेव्हा एवढा बरा लागत नाही."

"ताटली एका जागी उभी असते, क्लेम. उद्या असाच निसटून पोटात घुसला, तर ते जनावर बाण घेऊन दिवसचे दिवस फिरेल. मी घरी येऊन कॉफी पिईन."

सायमाने भावाकडे पाहिलं. "आम्ही कुणी पाहिलं नाही, रेनो."

"मी तिथेच होतो ना."

रेनोने धनुष्याची दोरी उतरवली, ते भिंतीला टेकवलं आणि तो आपल्या ट्रककडे गेला. मागच्या बाजूला घोंगडीखाली काहीतरी होतं. ते घेऊन तो आला. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं धनुष्य, खाली खटका, वर दुर्बीण. क्रॉसबो.

या झोपडीत लोकांनी बायका सोडल्या होत्या, चर्च बदललं होतं, एकाने तर दारूही सोडली होती. पण क्रॉसबो अजून कुणी आणला नव्हता.

"दुर्बीणसुद्धा आहे?" क्लेमने विचारलं. "मग इथवर आलास कशाला? घरूनच मारायचं."

"पुढच्या वर्षी चाकं लावून आण," आणखी कुणी म्हणालं. "वर बसून जाता येईल."

"'क्रॉसबो म्हणजे दांडा लावलेला आळस.' कोण म्हणालं होतं रे हे, याच अंगणात?"

"मीच," रेनो म्हणाला. "खांदा चांगला असला की माणूस फार बोलतो."

दाराजवळच्या बाकावर बसून त्याने टोकाच्या कडीत पाय रोवला आणि बाजूचं हँडल फिरवायला घेतलं. कट, कट, कट. दोरी मुंगीच्या पावलांनी मागे सरकत होती. जन्मभर ज्याने एका श्वासात धनुष्य ताणलं तो माणूस सगळ्यांसमोर, दळण दळावं तसा, निवांत हँडल फिरवत होता. हसणारे हसून संपले. त्याचं फिरवणं चालूच होतं.

मग बाण बसवून तो उभा राहिला. कोपर पोटाशी घेतला, श्वास अर्धा सोडला, खटका दाबला.

सायमा ताटलीपाशी जाऊन वाकली. "मधून बोटभर डावीकडे," ती म्हणाली. "हा तुझाच का?"

"हा माझाच."

"मग तुझा एकच बाण झाला. जा उद्या."

रेनो परत बाकावर बसला आणि रुमालाने दस्ता पुसू लागला. आता पाळी क्लेमची होती.

क्लेम पुढे आला. त्याने खांदे उडवले, बाण लावला, धनुष्य उचललं. या खेपेला ताटलीकडे कुणी पाहत नव्हतं. सायमासकट सगळे त्याच्या बोटांकडे पाहत होते. दोरी मागे आली, ओठाच्या बरीच अलीकडे थांबली, हलली, आणि गठ्ठ्यात बाण रुतल्याचा आवाज झाला.

ताटलीच्या कडेला, पण ताटलीतच.

टाळ्या झाल्या नाहीत. क्लेम धनुष्य खाली न घेता तसाच उभा राहिला.

"लागलाय ना!" तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नव्हतं.

रेनोने मान वर केली नाही. दस्ता पुसता पुसता तो बाकावर थोडा सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.