तापातली भूमिती

केतकीचा ताप आणखी दोन दिवस टिकला, तर तिच्या वडिलांची, रेवाळ्यांची, आठवीच्या स्कॉलरशिपची वर्षभराची कटकट वाचणार होती. तापलेल्या मेंदूत धडे भराभर उतरतात हे कळल्यापासून मुलांच्या वॉर्डात प्रत्येक कपाळावर धडे मेंदूत उतरवणारी पाठपट्टी असे. ताप उतरला की ती बंद पडे. म्हणून औषधाआधी पालकांची संमती घ्यावी लागे.

“अहो, अंग भाजतंय तिचं,” वॉर्डातल्या शिक्षिका शुभदाबाई म्हणाल्या. “सिस्टरना औषध देऊ द्या आता.”

“बाई, भूमिती तेवढी होऊ दे. काल बीजगणित कसं झकास झालं.”

“तुम्ही नुसत्या सर्दीला रजा टाकता ना?”

“मला कुठे परीक्षा आहे?” रेवाळे हसले.

संतापून बाईंनी पट्टीला हात घातला, तर केतकीनेच तो धरला. “नका ना काढू. बरी झाले तर मागे पडेन मी.”

ती जिल्ह्यात पहिली आली. रेवाळ्यांनी पेढे वाटले, शाळेने फलक लावला, रुग्णालयाने तिचा फोटो जाहिरातीत छापला. या तिघांचंही काम फुकटात झालं. केतकीला भूमिती सगळी येते. पण त्या तापापासून हात इतका थरथरतो, की कंपास धरता येत नाही.