बग्गीच्या दाराचा दांडा

या, असे जवळ सरका. मेलबर्नच्या एका देवभोळ्या बग्गीवाल्याची गोष्ट सांगतो.

उत्तरेच्या वाऱ्याने भर दुपारी रस्ताभर धूळ उठवली होती आणि बग्गीत पहिली थप्पड वाजली. गाडीवान कॉन गेराटी टपामागच्या उंच बैठकीवर होता. त्याने टपातली झडप उघडली. खाली एक तरुण बाई फुटलेला ओठ दाबून बसली होती. शेजारच्या धिप्पाड माणसाने तिची वेणी मुठीत धरली होती.

"बोल विनी, पुन्हा माहेरी पळशील?"

"देव बघतोय, साहेब!" कॉन वरून ओरडला.

"मग त्यालाच बघू दे! बायको माझी आहे. म्हाताऱ्या, तू घोडी हाक."

दुसरा ठोसा बसला. विनीचं डोकं लाकडावर आपटलं. गवती हॅट कलली आणि ती केसांत पक्की बसवणारी वीतभर पोलादी टाचणी अर्धी बाहेर आली.

कॉनचं रक्त उसळलं. भाडं मिळेपर्यंत दार उघडायचं नाही, हा तिथल्या बग्गीवाल्यांचा शिरस्ता. त्यासाठी दार उघडायचा दांडा वर, गाडीवानाच्याच हाताशी असे. दार उघडू नये म्हणून कॉनने तो दांडा पायाखाली दाबून धरला. पुढची काच वरून खाली सोडून बग्गी बंद केली. सैतान आयताच पिंजऱ्यात सापडला होता. कॉनने आपली टिली घोडी पोलीस चौकीकडे वळवली.

कोपऱ्यावर खाटकाची गाडी आडवी आली. टिली थांबली. झडपेतून एक हात वर आला. नखं रक्ताळलेली होती. तो हात दांडा चाचपू लागला.

"दार उघडा हो! पाया पडते, उघडा!"

कॉनने तो हात मायेने थोपटला आणि हळूच आत ढकलला. "धीर धर, पोरी. दार उघडलं तर हा मेला निसटेल. चौकी आलीच बघ."

वाट मोकळी झाली. त्याने चाबूक ओढला. टिली उधळली. कॉनच्या ओठांवर मेरीमातेचा जप सुरू होता. खाली लाथा बसत होत्या, काच तडकत होती, विनी किंचाळत होती. मग किंकाळी अचानक पुरुषाची झाली. मग काहीच नाही.

"माउलीने ऐकलं गं!" कॉनने छातीवर क्रुसाची खूण केली.

चौकीपुढे दोन शिपाई धावत आले. कॉनने ऐटीत दांडा ओढला. दार उघडलं आणि तो धिप्पाड माणूस फरसबंदीवर तोंडावर पडला. त्याच्या मानेत हॅटची टाचणी मुळापर्यंत रुतली होती.

विनी आत बसून होती. एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने तिने शिपायांकडे पाहिलं नाही. वर, कॉनकडे पाहिलं.

"कोपऱ्यावर गाडी थांबली होती, बाबा," ती म्हणाली. "मला नुसतं उतरायचं होतं."

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा विनीला आठवा. कॉनने मरेपर्यंत तिच्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी जप केला नाही.