श्रुतलेखन

जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर उघडे होते आणि त्यांच्याआडून मुलगा आणि जावई तासाभरापासून एकमेकांच्या सिस्टीमची धुलाई करत होते. मधल्या खुर्चीत टायपिस्टबाई बसल्या होत्या, एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. वाद त्यांच्याच संगणकावरून पेटला होता.

दोन दिवसांपूर्वी कुणा भामट्याचा फोन आला आणि त्यानंतर तो संगणक कुलूपबंद झाला; पैसे भरा, मग उघडू, एवढंच पडद्यावर. आत अंधशाळेच्या मुलांसाठी टाइप केलेले इतिहासाचे अकरा धडे होते. शाळेतलं यंत्र ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं. निवृत्तीनंतर बाईंना जीव लावायला एवढं एकच काम उरलं होतं. अकरा धडे पुन्हा टाइप करायची त्यांची तयारी होती. पण मघाशी मुलगा म्हणाला, आईला आता एक टॅबलेट देऊन टाकू, नुसतं बघायला, तेव्हापासून हे कामच हातातून जाणार असं त्यांना वाटत होतं.

जावयाला ते मान्य नव्हतं. दोष सासूबाईंचा नाहीच, मेहुण्याने त्यांच्या गळ्यात मारलेल्या सिस्टीमचा आहे, असं त्याचं म्हणणं. ती अख्खं जग वापरतं, म्हणून चोरही तिच्याच दारात उभे.

"भाऊजी, तुमची कुणी वापरतच नाही," मुलगा म्हणाला. "चोर तरी कशाला तिकडे फिरकेल?"

जावई म्हणाला, माझी काहीही बदलायच्या आधी पासवर्ड मागते, माणूस तिथे थबकतो. मुलगा म्हणाला, आमचीही मागते. मग कुणाचं मागणं जास्त कडक, यात आणखी पंधरा मिनिटं गेली.

शेवटी जावयाने स्वतःचा लॅपटॉप सासूबाईंपुढे सरकवला. सकाळीच त्याने त्यात त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं होतं. पासवर्ड त्यांनीच ठरवला होता. "आता तुम्ही चोर व्हा," तो मेहुण्याला म्हणाला. "बघू, आई कुठे थांबतात ते."

मुलाने घसा खाकरला आणि संगणकाला द्यायचा हुकूम एकेक अक्षर करून सांगायला सुरुवात केली. मध्ये जागा, मग आडवी रेघ, पुन्हा अक्षर. टायपिस्टबाईंची पाठ आपोआप ताठ झाली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. मुलगा त्याच सुरात म्हणाला, "पासवर्ड," आणि बाईंच्या बोटांनी तोही भरून टाकला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

कुणीच जिंकलं नव्हतं. बाईंनी हात मांडीवर घेतले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

दोन दिवसांत जे कुणाला सुचलं नव्हतं ते बाईंच्या मुलीने टेबलाच्या टोकावरून विचारलं, त्या फोनवर नेमकं झालं तरी काय.

"तो सांगत गेला," बाई म्हणाल्या. "छान सांगत होता गं, सावकाश, शब्द तोडून. पस्तीस वर्षं कचेरीत साहेब सांगायचे आणि मी टाइप करायचे. मजकुरात डोकं घातलं की चुका होतात, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सांगणारा सुरू झाला की मी नसतेच तिथे. बोटं असतात."

मुलाने पडद्याकडे पाहिलं. त्याने इतक्या भरभर सांगूनही ओळ बिनचूक होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि टॅबलेटचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मुलीने खुर्ची जवळ ओढली. "आता मी सांगते. पण आज तू मला मध्येच अडवायचंस."

सांगणाऱ्याला अडवायचं? बाईंना ते उद्धटपणाचं वाटलं. नोकरीत त्यांनी कधी 'पुन्हा सांगा' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

मुलगी सांगू लागली. पहिल्या खेपेला बोटं थेट शेवटपर्यंत धावली. दुसऱ्याही. मुलगा आणि जावई आपापल्या सिस्टीम विसरून त्या बोटांकडे बघत राहिले. तिसऱ्या खेपेला अर्ध्या ओळीवर बोटं अधांतरी थांबली, खाली आली नाहीत. बाईंनी मान वर केली.

"साहेब," त्या मुलीला म्हणाल्या, "हे कशासाठी?"