बर्फ उडवायचं यंत्र

"सही करणार नाही म्हणजे नाही," मेकॅनिक कॉनराड म्हणाला आणि हातातला पाना त्याने जमिनीवर आपटला.

निझव्याच्या त्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या मागे एक लाल यंत्र जोडलेलं होतं. बर्फ उडवायचं. अर्बाबने, म्हणजे मालकाने, ते लिलावात उचललं होतं, शेताच्या रस्त्यावरची वाळू उडवायला. ओमानात बर्फाचं यंत्र. घेणाऱ्याचं डोकं फिरलं होतं, विकणाऱ्याचं नाही.

"बसलंय की व्यवस्थित," मॅनेजर ट्रेव्हर म्हणाला. एवढ्या उकाड्यातही त्याने टाय सैल केला नव्हता. "अर्बाब चार वाजता येतोय. फिट आहे म्हणून लिही आणि खलास कर."

"बसलं म्हणजे जमलं का? याला साठ हॉर्सपॉवर लागते, आपला ट्रॅक्टर पस्तीसचा. दर दहा फुटांवर वाळू अडकणार. मग बदरुद्दीन खाली उतरून फावड्याने ती काढणार. आणि ट्रॅक्टर नि यंत्राच्या मधे फिरणारा हा शाफ्ट उघडा. याचं कव्हर कुठाय?"

"आलंच नाही. मागवू नंतर."

"हात गेला की तोही मागवशील?"

"बंद करून उतरेल ना तो."

"दिवसातून शंभर वेळा? या उन्हात? तू करशील?"

ड्रायव्हर बदरुद्दीन बाजूला उभा होता. नाकातोंडात वाळू जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात मोठा रुमाल असायचा. त्याचं एक टोक छातीवर लोंबत होतं.

"जाऊ द्या, कॉनराडभाई," तो म्हणाला. "मी सांभाळून चालवीन. नोकरी आहे."

कॉनराडचं टाळकंच सणकलं. तो ट्रॅक्टरवर चढला, इंजिन सुरू केलं आणि मागचा शाफ्ट फिरता केला. त्या घरघरीत त्याला ओरडून बोलावं लागलं.

"ये ट्रेव्हर. वाळू अडकलीय असं समज. घे फावडं, काढ."

वर्कशॉपमधली सगळी माणसं बघत होती. ट्रेव्हरने फावडं उचललं. शाफ्टपासून दोन पावलांवर तो थांबला. मग डाव्या हाताने त्याने टाय धरला आणि शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचला.

कॉनराडने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

बदरुद्दीन पुढे आला. त्याने ट्रॅक्टरची चावी काढली, गळ्यातला रुमाल सोडला आणि दोन्ही ट्रेव्हरच्या हातात ठेवली.

"तोंडाला घट्ट बांधा, साहेब," तो म्हणाला. "वाळू फार उडते."