महानंदाकाकूंची पावलं

"काकू, खरं सांगा, घड्याळ कुणाच्या हातात बांधलं होतं?"

पावलं मोजणारी घड्याळं वाटून आमच्या कॉलनीत मी महिनाभर चालण्याची स्पर्धा घेतली होती. पहिल्या आल्या महानंदाकाकू, आणि त्यांना फिरायला गेलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

"माझ्याच हातात होतं की ओ सर."

चुलीपुढे बसून त्या भाकरी थापत होत्या. सोलापुरातल्या दोन खानावळींना त्या रोज दीडशे भाकरी देतात. हात फिरला की मनगटावरचा आकडा वाढत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ही पावलं नाहीत काकू, भाकरी आहेत! बक्षीस दुसऱ्याला द्यावं लागेल."

"द्या की. मी कुठं फिरायला जाते?" त्यांनी घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं.

बसून करायचं काम, त्यात काय एवढं, असं मनात आलं. मी घड्याळ बांधलं, पाटावर बसलो आणि परातीत गोळा घेतला. पहिली भाकरी फाटली, दुसरीही. पंधराव्या भाकरीला खांदे भरून आले, शर्ट घामानं चिकटला. घड्याळावर नाडी दिसली, एकशे बत्तीस. काकूंची कालची नोंद त्याच घड्याळात होती. दीडशे भाकरी थापून झाल्या त्या वेळची नाडी ब्याऐंशी.

तेवढ्यात घड्याळ थरथरलं.

"काय म्हणतंय ओ?"

"जरा दम खा म्हणतंय."

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मला कधीच नाही म्हणालं ओ ते."