झिजलेले कोपरे

तारापूरच्या केमिकल कारखान्यात सत्तावीस वर्षं रेकॉर्ड रूमची किल्ली बळवंतच्या कमरेला होती. मोठे साहेबसुद्धा फाइलसाठी त्याच्या दारात उभे राहायचे. तो अंगठ्याला जीभ लावून भराभर पानं उलटायचा आणि नेमका कागद काढून द्यायचा. "बघा, माझ्या अंगठ्याने कोपरे झिजलेत," असं वर मिरवायचा.

मग उमरोळीची किंजल आली. तिने सगळे कागद स्कॅन करून ऑफिसच्या मोबाइलमध्ये कुलूपबंद केले. ते कुलूप फक्त तिच्या अंगठ्याने उघडायचं. साहेब आता तिच्या टेबलाशी उभे राहू लागले, आणि बळवंतच्या पोटात दुखू लागलं. "एवढी शिकली, पण शेवटी अंगठेबहाद्दरच!" असं तो जेवणाच्या सुट्टीत तिला ऐकू जाईल असं बोलायचा.

एक दिवस तीच फोन घेऊन आली. "काका, तुमचापण अंगठा द्या. मी साहेबांना सांगितलं, कागद काकांनी सांभाळलेत, त्यांनापण उघडता आले पायजेत."

बळवंतने अंगठा सदऱ्याला पुसला आणि फोनवर टेकवला. फोनने तो घेतला नाही. किंजलने ओढणीने काच पुसली. मग डावा अंगठा झाला, एकेक करत दहाही बोटं झाली.

तिने त्याचा हात उजेडात धरला. "काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाय उरल्या."

बळवंतने समोरच्या फायलींकडे पाहिलं. इतकी वर्षं झिजत होती ती पानंच, असं तो समजत होता.