ओवाळणीतलं वायफाय

भावाने बहिणीच्या पाठीशी उभं राहावं, यावर आपली संस्कृती टिकून आहे. दिपेश त्या वेळी स्टुलावर उभा होता आणि बहिणीच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडत होता.

ओवाळून झालं होतं. तबकात यंदा पाकीट नव्हतं, राउटरचा खोका होता. पूनमच्या सासूने, मनुबाईने, त्या खोक्यालाही हळदकुंकू लावलं होतं.

"वर्षभर फुकट, ताई," स्टुलावरून उतरत दिपेश म्हणाला. "भाऊबीज म्हणजे भाऊबीज."

उरणच्या त्या बाजूच्या तीन गावांना इंटरनेट दिपेशच पुरवायचा. पूनमकडचं जुनं कनेक्शनही त्याचंच होतं. त्यामुळे ताई कुठल्या साईटवर जाते, एवढं त्याला दिसायचं. आधी सातबारा, मग अलिबागच्या एका वकिलाची साईट, तिथे पाऊण तास. आत काय लिहिते ते दिसायचं नाही. तिथे कुलूप. आणि बापाच्या मिठागराच्या बदल्यात मिळालेला भूखंड विकायचा तर हक्कसोडपत्रावर ताईची सही हवी होती. मार्चपासून ती "बघते" म्हणत होती.

"फोन दे जरा. एक सर्टिफिकेट टाकायला लागतं."

"कसलं?"

"सिक्युरिटीचं. हल्ली जमाना लय खराब हाय."

ते एकदा टाकलं की पूनमचा फोन आणि वकिलाची साईट यांच्या मधोमध दिपेशचं मशीन बसणार होतं. आलेलं कुलूप काढायचं, वाचायचं, आपलं कुलूप लावून पुढे पाठवायचं. पनवेलच्या एका सप्लायरने त्याला हे शिकवलं होतं. शिकायला दोन रविवार गेले होते. बारावीला त्याने एवढा अभ्यास केला नव्हता.

पूनम तालुक्याच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. असलं काही फोनमध्ये कधीही टाकू नका, हा तिचा तिसरा धडा होता.

तिने स्क्रीन वाचली. "'तुमच्या नेटवर्कवर कोणीतरी लक्ष ठेवत असू शकते.' असं म्हणतोय हा."

"तो सगळ्यांनाच म्हणतो तसं. संशयी असतो फोन."

"कोनीतरी म्हंजे कोन रं?" मनुबाईने विचारलं.

"कोणी नाय ओ, मावशी. कंपनी."

"फुकाट हाय ना? मंग बघू दे त्यांना. आपल्या घरान काय हाय बघन्यासारखा?"

वकिलाला पूनमने बजावून सांगितलं होतं, वाटणीची नोटीस भाऊबीज झाल्याशिवाय पाठवू नका. नोटीस गेली की माहेर गेलं. निदान यंदाचं ओवाळून घेऊ द्या.

आता ओवाळून झालं होतं. आणि "बघते" म्हणून म्हणून तिचं तोंड दुखायला लागलं होतं. वकिलाच्या साईटवर सगळं लिहिलेलं होतं. त्याने संध्याकाळी ते वाचलं तर तिला तोंडाने सांगावं लागणार नव्हतं.

"पिन सांग, ताई."

"तू समोर बसून विचारलंस ना दिपू, तर मी सांगेन."

दिपेशने तिच्याकडे पाहिलं. मग ताटातल्या करंजीकडे पाहिलं. करंजी उचलली.

"पिनच विचारतोय ना," तो म्हणाला.

पूनमने पिन सांगितला. सर्टिफिकेट बसायला दहा सेकंदं लागली. साईटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र होतं तसंच राहिलं.

निघताना तो नेहमीसारखा तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्त वेळ ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "केस विस्कटतील." मग बाईकला किक मारली.

"गुनाचा हाय तुजा भाव," मनुबाई म्हणाली. "नायतर आमचा. साडी आनतो, ती पन नातवाच्या बारशाची आलेली."

घरी पोचल्यावर दिपेश जेवलासुद्धा नाही, लॅपटॉप उघडून बसला. तिकडे पूनमही वकिलाची साईट उघडून फोन मांडीवर घेऊन बसली, त्याच्या कॉलची वाट बघत.

दिवाळीत पोस्ट बंद असेल म्हणून वकिलाच्या कारकुनाने नोटीस आधीच्या आठवड्यातच टाकून दिली होती. रजिस्टर पोस्टाने ती भाऊबीजेआधीच्या शुक्रवारीच पोचली होती. दिपेशच्या बायकोने सही करून ती घेतली होती आणि पाकीट फ्रिजवर ठेवलं होतं. दिपेशच्या नावाने येणारे कागद बहुतेक बँकेचे असतात. तो ते उघडत नाही.